नांगराचा तास, घड्याळाचा तास



या खेपेस पीकपाणी बाजूला ठेवून थोडे वेगळे लिहितो आहे. त्याला कारण एक पत्र. उदगीर तालुक्यातल्या एका माउलीने ते लिहिले आहे. धाकटा मुलगा आयटीआय झाला. नोकरीच्या नादी न लागता त्याने कर्ज काढून लाकूड कोरायचे छोटे सीएनसी राउटर यंत्र घेतले आणि घराच्या पडवीत मांडले. दारावरच्या नावाच्या पाट्या, देवघराची जाळी अशी कामे मिळतात. पण एका पाटीला चार-साडेचार तास लागतात. दिवसाला दोन पाट्या म्हणजे डोक्यावरून पाणी, आणि तेवढ्यात हप्ता निघत नाही. आता मुलगा म्हणतो, मोठे यंत्र घेऊ, नाहीतर निदान भारीतले सॉफ्टवेअर घेऊ. घरात सोयाबीन भरून ठेवले आहे, भाव चढला की विकायचे म्हणून. ते आत्ताच काढावे का, असे त्या विचारतात.

उत्तर आधीच देऊन टाकतो. काढू नका. महिनाभर तरी पोत्यांना हात लावू नका. चार तासांच्या पाटीत यंत्राचा दोष किती आणि यंत्राला दाखवलेल्या वाटेचा किती, हे आधी पाहू.

आता तुम्ही म्हणाल, हा बी.एस्सी. कृषीवाला माणूस, बोंडअळी सोडून याला सुतारकामातले काय कळते? खरे आहे, पटाशी धरायला मला आजही जमत नाही. पण हे यंत्र चालताना मी नांदेडला आणि लातूरला चार-पाच ठिकाणी तासन्‌तास उभा राहून पाहिले आहे, आणि दर वेळी मला एकच वाटले की ही नांगरट आहे. लाकडाची फळी म्हणजे वावर. फिरणारे बिट म्हणजे फाळ. फळीवर एका शेजारी एक उठणाऱ्या रेघा म्हणजे तास. आपल्या भाषेत नांगराच्या रेघेलाही तास म्हणतात आणि घड्याळाच्या साठ मिनिटांनाही तासच. या धंद्यात ते दोन्ही एकच आहेत. नांगराचे तास चुकीच्या बाजूने टाकले की घड्याळाचे तास वाढतात.

हे यंत्र चालते कसे, ते थोडक्यात सांगतो. मुलगा संगणकावर चित्र काढतो. दुसरे एक सॉफ्टवेअर त्या चित्रावरून बिटाने कोठून कोठे, किती खोल, किती वेगाने जायचे याची वाट आखते. या वाटेला टूलपाथ म्हणतात. ती वाट आज्ञांच्या रूपात लिहिली जाते, तिला जी-कोड म्हणतात. ‘जी शून्य’ म्हणजे हवेतून भरभर जा, ‘जी एक’ म्हणजे कापत सरळ जा, ‘जी दोन’ आणि ‘जी तीन’ म्हणजे कापत गोलाईने जा. यंत्राच्या पेटीतले लहानसे कार्ड या आज्ञा एकेक वाचून मोटारी फिरवते. बस्स, एवढेच. यंत्राला स्वतःची अक्कल नाही. रोजंदारीवरचा ट्रॅक्टरवाला निदान दगड दिसला तर फाळ उचलतो, हे तेवढेही करत नाही. सांगाल तसे जाईल, आणि लांबच्या वाटेने जा म्हणालात तर बिनतक्रार लांबच्या वाटेने जाईल.

पहिली गोष्ट, वावर कोणत्या अंगाने नांगरायचे? लांबीच्या अंगाने, हे शेंबडे पोरही सांगेल. आडव्या अंगाने नांगरले तर धुऱ्यावर वळणेच वळणे, आणि ट्रॅक्टर तासाच्या भाड्याने असेल तर डिझेल वळण्यातच जाते. आता पाटीचा हिशोब मांडू. सहाशे मिलिमीटर लांब आणि दीडशे रुंद अशी जागा सहा मिलिमीटर खोल साफ करायची आहे. मधली अक्षरे तूर्त सोडून देऊ. बिट सहा मिलिमीटरचे, आणि दोन तासांतले अंतर २.४ मिलिमीटर, म्हणजे बिटाच्या रुंदीच्या शेकडा चाळीस. लांबीच्या अंगाने ६१ तास पडतात, वळणे ६०. रुंदीच्या अंगाने २४९ तास, वळणे २४८. कापण्याचे अंतर दोन्हीकडे सारखेच, सुमारे ३६ मीटर. पण दर वळणाला यंत्र थांबते, बाजूला सरकते, पुन्हा वेग घेते. वळणामागे अर्धा सेकंद धरा, आणि सहा मिलिमीटर खोली दीड-दीड मिलिमीटरच्या चार थरांत काढायची आहे म्हणून चौपट करा. एका अंगाने वळण्यात दोन मिनिटे जातात, दुसऱ्या अंगाने सव्वाआठ. सॉफ्टवेअरमध्ये हा फक्त एक कोन बदलण्याचा प्रश्न आहे. शून्य अंश की नव्वद अंश, एवढेच. पुष्कळ पोरे तो कोन जसा आला तसा ठेवतात.

सहा मिनिटांनी काय होते, असे कोणी म्हणेल. बरोबर. मुख्य चोर दुसरीकडे आहे. त्या पाटीवर चार थर मिळून सुमारे १४४ मीटर कापायचे आहे. मिनिटाला ६०० मिलिमीटर वेगाने कापले तर चार तास लागतात. मिनिटाला १२०० ने कापले तर दोन. माउलीच्या पत्रातले चार-साडेचार तास मला इथेच सापडतात असे वाटते, कारण बिट मोडेल या धास्तीने नवशिकी पोरे वेग कमी ठेवतात आणि फिरकी मात्र चढवून ठेवतात. बिट वाचवायचे म्हणून जे करतात त्यानेच बिट जळते.

हे नीट समजून घ्या, कारण धंद्याचा नफा यात आहे. बिटाला दोन पाती असतात असे धरा. मिनिटाला २४,००० फेरे आणि पुढे सरकणे ६०० मिलिमीटर, तर दर पात्याच्या वाट्याला एका मिलिमीटरचा ऐंशीवा भाग येतो. एवढ्यात पाते कापतच नाही, नुसते घासते. घासले की तापते, तापले की धार जाते, लाकूड काळे पडते आणि खाली मैद्यासारखा भुसा पडतो. तेच फेरे १२,००० वर आणा आणि सरकणे १२०० करा, की पात्याला विसावा भाग मिळतो. मग बारीक का होईना, कपची निघते आणि उष्णता कपचीबरोबर बाहेर पडते. बोथट वखर जमिनीवरून नुसता घासत जातो तसेच हे. तेव्हा त्या मुलाला सांगा, यंत्राखालचा भुसा चिमटीत घेऊन पाहा. पीठ लागले तर फेरे कमी कर किंवा वेग वाढव. कण लागले तर बरोबर चालले आहे. हे आकडे वेदवाक्य नव्हेत. सागवान, बाभूळ, एमडीएफ, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि यंत्राचा सांगाडा लेचापेचा असेल तर तो थरथरू लागतो. टाकाऊ तुकड्यावर वेग पायरीपायरीने चढवावा आणि थरथर सुरू झाली की एक पायरी मागे यावे. थराची खोलीही लहान यंत्रावर बिटाच्या निम्म्या रुंदीच्या आत ठेवलेली बरी.

आणि सगळे वावर खुरप्याने कशाला नांगरायचे? मोठी मोकळी जागा १२ मिलिमीटरच्या बिटाने साफ करावी, मग अक्षरांच्या कडा आणि कोपरे तेवढे लहान बिटाने. त्याच पाटीवर मोठ्या बिटाने १४४ ऐवजी सुमारे ७१ मीटर कापावे लागते. स्पिंडलला झेपत नसेल तर थर पातळ ठेवावा लागेल आणि नफ्यातला काही भाग परत जाईल, हेही खरे. करून पाहावे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर उठावाची अक्षरे हाच या धंद्यातला घाट्याचा माल आहे. अक्षरे वर ठेवायची म्हणून भोवतीचे सगळे रान नांगरायचे. त्याऐवजी अक्षरेच खोदून काढली तर? व्ही आकाराचे टोकदार बिट अक्षराच्या मधोमध चालते, रुंद जागी खोल उतरते, निमुळत्या जागी वर येते. जुन्या शिलालेखासारखी धारदार अक्षरे उमटतात आणि भोवतालच्या फळीला हात लावावा लागत नाही. यासाठी एफ-एन्ग्रेव्ह नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. गिऱ्हाइकाला दोन्ही नमुने दाखवावेत आणि दोन्हींचे दर वेगळे सांगावेत. उठावाचे हवे असेल त्याने उठावाचे पैसे द्यावेत.

इथे मराठी अक्षरांची एक खोच आहे. ही सॉफ्टवेअरे परदेशात तयार झाली, त्यांच्या अक्षरांना शिरोरेघ नाही. आपली अक्षरे सुटी सुटी येतात आणि त्यांच्या शिरोरेघा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. पडद्यावर ते दिसत नाही. पण यंत्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी कोरत जाते आणि शिरोरेघेत मधे मधे आडवे छेद पडतात. पाटी नासते ती नासते, वर बिट त्याच जागी दोनदा जाते. उपाय सोपा आहे. इंकस्केप या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे आधी रेघांत रूपांतर करावे आणि मग ‘युनियन’ ही आज्ञा द्यावी. सगळा शब्द मिळून एकच बांध होतो. छायाचित्रावरून नक्षी उतरवली असेल तर आणखी एक करावे, ‘सिम्प्लिफाय’. नाहीतर एका वेलबुट्टीच्या रेघेत हजारो बारीक बारीक तुकडे येतात. खडकाळ पाणंदीतून बैलगाडी जावी तसे यंत्र धडधडत, अडखळत जाते. वेग कागदावर १२०० असतो, प्रत्यक्षात त्याच्या निम्माही मिळत नाही.

आता हवेतल्या चालण्याकडे या. हा चोर डोळ्यांदेखत चोरी करतो, तरी कोणाला दिसत नाही.

यासाठी उदाहरण आपल्या कामाचेच घेतो. पेरणी यंत्रातली बियाण्याची चकती. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाने रुंद वरंबा सरी पद्धतीचा आणि तिच्या यंत्राचा मराठवाड्यात पुष्कळ प्रसार केला आहे. ज्यांनी अशी यंत्रे वापरली त्यांना ठाऊक आहे की ऐन मृगात चकती मोडली किंवा झिजली तर काय धावपळ होते. छोट्या राउटरवर जाड प्लास्टिकच्या पत्र्यातून अशी चकती कापता येते, आणि पाट्यांपेक्षा मला हा धंदा जास्त मोलाचा वाटतो. सोयाबीनची शिफारस ४५ बाय ५ सेंटिमीटरची. समजा जमिनीवर चालणाऱ्या चाकाचा घेर दीड मीटर आहे आणि चाकाच्या एका फेऱ्यात चकतीचा एक फेरा होतो. मग पाच सेंटिमीटरला एक दाणा पडायचा तर चकतीला ३० छिद्रे हवीत. तुमच्या यंत्राच्या साखळीचे प्रमाण वेगळे असेल तर आकडा बदलेल, तो मोजून घ्यावा.

पत्रा सहा मिलिमीटर जाड, थर दोन-दोन मिलिमीटरचे, म्हणजे प्रत्येक छिद्राला तीन थर. सॉफ्टवेअरला काही न सांगितले तर ते कधी कधी असे करते: तिसांच्या तीस छिद्रांचा पहिला थर, मग फिरून दुसरा, मग तिसरा. म्हणजे बिट नव्वद वेळा उचलायचे. आणि उचलायची उंची जर २५ मिलिमीटर ठेवलेली असेल तर दर उचलीला ५० मिलिमीटरची हवेतली ये-जा. लहान यंत्राची वरखाली करण्याची गती मंद असते, मिनिटाला ५०० मिलिमीटर धरा. नऊ मिनिटे नुसती वरखाली करण्यात गेली, प्लास्टिकचा कणही न कापता. आता दोन गोष्टी बदला. एक, प्रत्येक छिद्र तळापर्यंत पुरे करूनच पुढे जा. दोन, उचल तीन मिलिमीटरची ठेवा. उचली ३०, हवेतली ये-जा सहा-सहा मिलिमीटर, मिळून वेळ सुमारे २२ सेकंद. एका पत्र्यातून बारा चकत्या काढायच्या असतील तर एकीकडे जवळजवळ पावणेदोन तास हवेत जातात आणि दुसरीकडे साडेचार मिनिटे. यंत्र तेच, बिट तेच, सॉफ्टवेअरही तेच. (उचल कमी करण्याआधी पत्रा दाबून धरणारे स्क्रू आणि पट्ट्या वाटेतून दूर आहेत ना, ते पाहावे. तीन मिलिमीटरच्या उचलीत बिट पट्टीवर आदळले तर वाचवलेले सगळे एका फटक्यात जाईल.)

छिद्रांचा क्रमही पाहावा. चित्र ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने कापायची सवय काही सॉफ्टवेअरना असते. मग बिट चकतीच्या या काठावरून त्या काठावर उड्या मारत बसते. शेजारचे छिद्र आधी, मग त्याच्या शेजारचे, हे बिया टोकणाऱ्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. यंत्राला सांगावे लागते. आणि बी उचलायच्या खाचा चकतीच्या अगदी काठावर असतील तर खाचा वेगळ्या आणि काठ वेगळा असे करूच नये. दोन्हींची मिळून एकच सलग रेघ करावी, म्हणजे थर बदलेपर्यंत बिट उचलायचीच गरज नाही. खाचेच्या आतल्या गोलाईत मावेल इतके बारीक बिट मात्र हवे.

आधी आतली छिद्रे, मग सर्वांत शेवटी बाहेरचा गोल, हा क्रम मोडू नये. बाहेरचा गोल आधी कापला की चकती सुटते आणि हलत्या तुकड्यात छिद्र पाडणे म्हणजे सुटलेल्या वासराला दावे बांधण्यासारखे. बाहेरच्या गोलातही तीन-चार ठिकाणी बारीक देठ सोडावेत. यांना टॅब म्हणतात. काम संपल्यावर ते करवतीने सोडवून घ्यावेत. बिट सरळ खाली खुपसण्याऐवजी तिरपे, उतारावरून उतरावे तसे आत न्यावे. पुष्कळ बिटांना खाली टोचायची धार नीट नसते, ती तिथेच तापून मोडतात. सॉफ्टवेअरमध्ये याला ‘रॅम्प’ म्हणतात.

चकती तयार झाल्यावर तिच्या कडा बारीक पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत कराव्यात. सोयाबीनच्या बियाण्याचे साल पातळ असते. खरखरीत छिद्रात दाणा अडकून फुटला तर उगवण मार खाते, आणि दोष मग बियाण्याला दिला जातो. पेरणीआधी चकतीतून शंभर दाणे सोडून किती फुटतात ते मोजा आणि चकतीतून गेलेलेच शंभर दाणे ओल्या बारदानात घालून उगवण पाहा. सत्तरच्या खाली आली तर आधी चकतीकडे बघा.

आता सॉफ्टवेअरच्या खर्चाचे. फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, २००२ पासून चालू आहे, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची १.० ही आवृत्ती आली. त्यात चित्र काढण्यापासून वाट आखण्यापर्यंत सगळे होते. शिकायला किचकट आहे, हे लपवत नाही. पंधरा दिवस डोके खाते. ज्याला फक्त पाट्या, जाळ्या, चकत्या करायच्या आहेत त्याने एस्टलकॅम पाहावे. ते विकतचे आहे, पण मोठ्या नावांच्या मानाने स्वस्त, आणि घेण्याआधी वापरून पाहता येते. यंत्राच्या पेटीत आर्डुइनोचे कार्ड असेल तर त्यावर बहुधा जीआरबीएल चालत असते, तेही फुकटच.

फ्यूजन नावाचे एक चांगले सॉफ्टवेअर घरगुती वापरासाठी फुकट मिळते. त्याच्या मागे लागण्याआधी दोन गोष्टी जाणून घ्या. २०२० साली कंपनीने फुकट आवृत्तीतली हवेतली भरभर चाल काढून घेतली. त्यामुळे बिट हवेतूनही कापण्याच्याच सावकाश चालीने जाते. आणि ती आवृत्ती धंद्यासाठी नाहीच. जाळीसारखी शेकडो छिद्रांची कामे करणाऱ्याला यातला पहिला मुद्दा किती महाग पडेल ते वरच्या हिशोबावरून लक्षात येईल. उठावाच्या देवमूर्ती आणि मोरांच्या नक्षीसाठी लाखाच्या पुढची सॉफ्टवेअरे आहेत. ती चांगली आहेत. पण पाट्यांसाठी ती घेणे म्हणजे कोथिंबिरीच्या वाफ्यासाठी ट्रॅक्टर घेणे. आणि कोणी पेनड्राइव्हवर आर्टकॅमची प्रत फुकट देऊ केली तर घेऊ नका. त्या कंपनीने २०१८ सालीच ते विकणे बंद केले. पुढे ते कार्व्हेको या नावाने दुसऱ्यांकडून परवान्यासह मिळू लागले. चोरीच्या प्रतीबरोबर संगणकात काय काय शिरते ते नंतर निस्तरता येत नाही.

स्वस्त असो की महाग, वाट आखल्यावर सॉफ्टवेअर ती पडद्यावर चालवून दाखवते आणि लागणारा वेळही सांगते. कॅमोटिक्स नावाचे फुकटचे सॉफ्टवेअर केवळ याच कामासाठी आहे. तेव्हा फळी लावण्याआधी वाट पडद्यावर पाहावी. कोन बदलून पुन्हा पाहावी, उचल कमी करून पुन्हा पाहावी. कापायच्या आणि हवेतल्या रेघा वेगळ्या रंगांत दिसतात. हवेतल्या रेघांचे जाळे दाट दिसले की समजावे, ट्रॅक्टर वावराबाहेरच जास्त फिरतो आहे. पडद्यावर चुकायला लाकूड लागत नाही.

हे सगळे शहरातल्या कारखान्यांचे, आपले काय, असे काहींना वाटत असेल. आकड्यांवर चालणारे कापण्याचे यंत्र अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९५२ साली लोकांना दाखवण्यात आले. त्यामागची कल्पना जॉन पार्सन्स यांची, जे हेलिकॉप्टरची पाती बनवण्याच्या कामात होते. आज्ञा तेव्हा भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर असत. बरोबर पन्नास वर्षांनी, २००२ साली, त्याच एमआयटीच्या मदतीने संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, फॅब लॅब, पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या खेड्यात उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कळबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला होता. खेड्यातल्या मुलांनी हाताने काम करत करत शिकावे, हा त्यांचा आग्रह. शाळेत नापास ठरलेली पोरे तिथे वेल्डिंग करत, घरे बांधत, विहिरीचे पाणी शोधत. ज्यांना कोणी हुशार म्हणत नव्हते त्यांच्या हाती ही यंत्रे सर्वांत आधी आली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. उदगीरच्या त्या मुलाला जमल्यास एकदा तिकडे पाठवा. तेवढे लांब नको असेल तर नांदेडला विष्णुपुरीचे गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नांदेड-लातूरच्या आयटीआय आहेत. तिथल्या वर्कशॉपच्या शिक्षकांना आपला जी-कोड दाखवावा. शिकवणाऱ्याला असा विद्यार्थी आवडतो.

माउलींना पैशाचे सांगायचे राहिले. महिनाभर मुलाने एक वही घालावी. दर पाटीला पडद्यावरचा अंदाज किती, प्रत्यक्ष वेळ किती, बिट कितवे, भुसा पिठाचा की कपचीचा. वर लिहिलेले सगळे करूनही पाटीला तीन तासांच्या वर वेळ लागत असेल, आणि दारात गिऱ्हाईक थांबून परत जात असेल, तर मोठ्या यंत्राचा विचार करावा. गिऱ्हाईकच कमी असेल तर मोठे यंत्र काय करणार? ते जास्त जागा अडवून रिकामे उभे राहील. सोयाबीन विकायचे की नाही ते त्या वहीतल्या आकड्यांवर ठरवा, शेजाऱ्याच्या मुलाने काय घेतले यावर नव्हे.

जाता जाता विजेचे. कापता कापता वीज गेली की या मोटारींना आपण कुठे होतो ते आठवत नाही. म्हणून मोठ्या कामाची वाट एका फाइलमध्ये ठेवू नये. मोठ्या बिटाची वेगळी, लहान बिटाची वेगळी, आणि लांबलचक काम असेल तर डाव्या-उजव्या अर्ध्याचीही वेगळी करावी, म्हणजे वीज आल्यावर तेवढाच तुकडा पुन्हा चालवता येतो. यंत्राला कडेची बटणे, म्हणजे लिमिट स्विच, बसवून घ्यावीत. मग वीज आल्यावर यंत्र आधी आपल्या घरच्या कोपऱ्यात जाऊन येते आणि फळीवरचा शून्याचा बिंदू त्याला पुन्हा अचूक सापडतो. ही बटणे फार महाग नसतात. वीज आली की स्पिंडल आपोआप फिरू लागणार नाही, याचीही सोय बघावी. पडवीत लहान मुले असतात, साडीचा पदर असतो, खांद्यावर उपरणे असते. एमडीएफचा भुसा नाकात जाऊ देऊ नये. तोंडाला फडके बांधून भागत नाही, चांगला मास्क घ्यावा, आणि पीठ-मिठाची भांडी पडवीतून आत हलवावीत.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरच्या घाटे अळीकडे वळू. ज्यांनी कामगंध सापळे लावले आहेत त्यांनी रोजचे पतंग मोजून आकडे लिहून ठेवावेत, म्हणजे बोलायला बरे पडेल.